सांभाळाची कसोटी

बुद्धीची वाढ मंद असलेल्या मुलांच्या निवासाची पारख कशावरून करावी? १९५८ सालीं मानसशास्त्रज्ञ जॅक टिझर्ड यांनीं लंडनच्या फाउंटन इस्पितळांतील १६ मुलें सरे परगण्यांतील ब्रुकलंड्स या घरीं नेलीं. तेथें गट लहान होते, माणसें नेहमींचीं होतीं आणि खेळण्याची मुभा होती. तशींच १६ मुलें इस्पितळांत राहिलीं. दोन वर्षांत पहिल्यांचें भाषेंतील बौद्धिक वय सरासरी १४ महिन्यांनीं वाढलें. दुसऱ्यांचें अवघें ६. पुढें १९७१ च्या ग्रंथांत किंग, रेन्स व टिझर्ड यांनीं दिनक्रमच मोजला. सुटीच्या दिवशींही सर्वांना एकाच वेळीं उठवितात काय? रांगेंत तिष्ठत ठेवितात काय? कपडे ज्याचे त्याचे आहेत काय? सांभाळणारीं माणसें मुलांच्या पंगतीला बसतात काय? भिंतींची सफेती पाहून परतणाऱ्या तपासनिसाला हीं उत्तरें मिळत नाहींत.