दोन फेऱ्यांची नोकरी

शाळेची बस चालवायची म्हणजे सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. मधल्या वेळात ड्रायव्हरने करायचं काय? गंमत म्हणजे हा प्रश्न बसपेक्षाही जुना आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८६९ मध्ये मुलांना शाळेत न्यायला सरकारी पैसा खर्च करायची मुभा दिली. तेव्हा गाड्या घोड्यांच्या, आणि हाकणारे बरेचदा आसपासचे शेतकरी. पोरं पोचवली की गडी परत शेतात! पुढे १९३९ मध्ये न्यूयॉर्कला परिषद भरून स्कूलबसचा पिवळा रंग ठरला. ड्रायव्हरचा मधला वेळ मात्र त्याचा त्यालाच सोडवायचा राहिला.

आपल्या वाशीमकडे एसटीने यातून वेगळी वाट काढली. रिसोड, मालेगाव, मानोऱ्याच्या खेड्यांत शाळेची गाडी म्हणजे एसटीच. ड्रायव्हर महामंडळाचा, पूर्ण पगाराचा. शाळेची फेरी ही त्याच्या दिवसभराच्या ड्युटीतली एक. १९९६ मध्ये अहिल्याबाई होळकर योजनेतून खेड्यातल्या मुलींना मोफत पास मिळू लागला. २०११ मध्ये मानव विकास कार्यक्रम १२५ तालुक्यांत पोचला आणि त्यातून मुलींसाठी निळ्या बस आल्या. शाळेच्या वेळेला मुली, एरवी बाकीचे प्रवासी. ड्रायव्हरचा दिवसही भरतो, आणि गावात सातवीनंतर शाळा नाही म्हणून पोरीला घरी बसावं लागत नाही.

शहरातल्या खाजगी स्कूलबसचं तसं नाही. दिल्लीतल्या शाळांच्या बसबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ड्रायव्हरच्या अनुभवाची अट घातली. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूलबसचे वेगळे नियम केले. माणूस अनुभवी हवा, निर्व्यसनी हवा, हे बरोबरच आहे. पण पैसे दोनच फेऱ्यांचे, म्हणून उरलेल्या वेळात तो दुसरं भाडं शोधतो नाहीतर शेत बघतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा त्या दोन फेऱ्याही गेल्या.

एसटीचा पूर्ण पगारही पुरेसा होता असं नाही. २०२१ च्या शेवटी सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. नुकत्याच उघडलेल्या शाळांची वाट कितीतरी खेड्यांतल्या पोरांना पायी धरावी लागली.

असो. बस कुठल्या रंगाची, यावर आपण पुष्कळ बोलतो. पण लेकरं रोज ज्याच्या हवाली करतो, त्या माणसाचं दुपारी कसं भागतं, हेही एकदा विचारायला हवं.