ओझ्याची रेषा

मनोर हें गांव समुद्रापासून बरेंच आंत. तरी पूर्वीं भरतीच्या पाण्यावर लहान गलबतें वैतरणा नदींतून थेट तेथपर्यंत येत व आंतल्या मुलखांतील माल घेऊन परतत. गलबतांत माल किती भरावा, याचा निवाडा पाणीच करी. काठ पाण्याजवळ आला कीं तांडेल भरणी थांबवी. कारण गलबत बुडालें तर मालाबरोबर तोही बुडणार होता.

माल भरविणारा एक आणि जीव धोक्यांत घालणारा दुसरा, अशी स्थिति आली म्हणजे हा निवाडा चालेनासा होतो. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें विमा उतरविलेलीं जहाजें बेसुमार भरून समुद्रावर लोटलीं जात. मालक किनाऱ्यावर सुखरूप, खलाशी मात्र समुद्राच्या तळाशीं! सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या चळवळीमुळें १८७६ सालीं कायदा झाला आणि जहाजाच्या अंगावर भाररेषा आली. तरीही ती कोठें काढावयाची हें प्रथम मालकाच्याच मर्जीवर होतें. कायद्यानें तिची जागा ठरण्यास १८९० साल उजाडावें लागलें.

हाच प्रश्न पुढें जमिनीवर आला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. १९६९ सालीं तारापूरचें अणुविद्युत् केंद्र सुरू झालें. बोईसरच्या भोंवतीं पोलाद, रसायनें व कापड यांचे कारखाने वाढले. त्यांचा माल चिल्हार फाट्यावरून अथवा पालघर-मनोर रस्त्यानें मुंबई-अहमदाबाद महामार्गास लागतो. मचव्याच्या जागीं मालमोटार आली; परंतु मालमोटारीच्या अंगावर पाणी चढत नाहीं आणि तिचें ओझें डोळ्यांना दिसत नाहीं. तें वजनकाट्यावरच कळतें.

अपघाताचें कारण केवळ जादा वजन हेंच नव्हे. पोलादाची गुंडाळी साखळदंडांनीं जखडलेली नसेल, तर ब्रेक दाबतांच मोटार मंदावते, पण गुंडाळी आपल्याच वेगानें पुढें येऊन चालकाच्या पाठीवर आदळते. उंच रचलेला माल वळणावर गाडीचा तोल घालवितो. अर्धवट भरलेल्या टांकींतील द्रव हेलकावतो व टँकर कलंडवितो. जादा भारानें ब्रेक तापतात, टायर फुटतात, आणि रस्ताही खचतो. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत १९५८ ते १९६० या काळांत झालेल्या प्रयोगांवरून असें दिसलें कीं, आंसावरील भार एक-पंचमांशानें वाढला तर रस्त्याची झीज जवळजवळ दुप्पट होते. मग त्या खड्ड्यांतून पुढची मालमोटार जाते, आणि तिचा माल अधिकच डळमळतो.

कायदा नव्हता असें नाहीं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत वजनाची मर्यादा होती व १९८८ च्या कायद्यांतही ती राहिली. परंतु शुल्क भरून जादा मालासह पुढें जाण्याची वहिवाट कांहीं राज्यांत पडली. ९ नोव्हेंबर २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें परमजित भसीन खटल्यांत ती अमान्य केली. दंड भरला तरी जादा माल उतरविलाच पाहिजे, असा निर्णय झाला. जुलै २०१८ मध्यें सरकारनें मर्यादाच वर नेली: चार टायरांच्या एकेरी आंसास १०.२ टनांऐवजीं ११.५ टन. २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांतील दंड २,००० रुपयांवरून २०,००० रुपये झाला. शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये.

तरी ओझ्याची किंमत मोजतो तो दुसराच. २० ऑगस्ट २०२१ रोजीं बुलढाणा जिल्ह्यांत, समृद्धि महामार्गाच्या कामासाठीं लोखंडी गज नेणारा टिपर उलटला आणि त्यांत बसलेल्यांपैकीं १३ मजूर मृत्युमुखीं पडले. त्या भरणीचा हिशेब त्यांच्या हातीं नव्हता.

वाहन हांकणाऱ्याप्रमाणेंच तें हांकावयास लावणारा व हांकूं देणाराही कायद्यानें दोषी ठरतो. या तरतुदीचा खरा अर्थ इतकाच कीं, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मालकास गलबतांत आणून बसवावें. तो तेथें बसला म्हणजे शेवटचें पोतें चढविण्यापूर्वीं मनोरच्या तांडेलाप्रमाणें काठाकडे पाहील.