प्रश्न थेट तिलाच विचारा

लेक गप्पगप्प राहायला लागली, रात्रभर जागी राहू लागली, “मला कुणाचातरी आवाज येतो” म्हणाली, की आपण काय करतो? शेजारणीला विचारतो, देवऋषीकडे जातो. तिला मात्र विचारत नाही.

डॉक्टरांकडेही अशी माणसं उशिराच पोचायची. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी १९२७ सालीच ही खंत मांडली होती. आजार पुरता बळावल्यावर माणूस आमच्यासमोर येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे १९७०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने साध्या ‘हो-नाही’च्या प्रश्नांची यादी तयार केली. ती ज्या गावांत वापरून पाहिली, त्यांत आपल्या हरियाणातलं रायपूर रानी होतं. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवायचे. वीस प्रश्न झोप, भूक, चिंता, रडू यांचे. चार प्रश्न गंभीर आजाराचे: कुणी वाईटावर टपलंय असं वाटतं का, कुठून येतात ते न कळणारे आवाज ऐकू येतात का, असे. पण पुष्कळ ठिकाणी पहिले वीसच वापरात राहिले. कारण आजार बळावला की माणसाला तो आवाज खराच वाटतो. मग तो “मला काही झालं नाही” म्हणतो.

म्हणजे विचारायचं ते आधीच, तिच्या मनात “हे खरं की भास?” अशी शंका जिवंत असताना. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १९९४ साली अशा तरुणांसाठी खास दवाखाना सुरू झाला. अमेरिकेत २००५ साली ९२ प्रश्नांची यादी आली. नेदरलँड्समध्ये २०१२ साली ती १६ प्रश्नांवर आणली. त्यांतल्या सहा किंवा जास्त प्रश्नांना ‘हो’ आलं, तर तज्ज्ञाने सविस्तर बोलायचं.

इथे एक गाठ पक्की बांधा. ‘हो’ म्हणजे आजार नव्हे. यादी चाळणीसारखी असते; चाळणीत राहिलेलं सगळंच खडे नसतात, ते निवडून पाहावं लागतं. अनेकींना पुढे तो आजार होतच नाही. म्हणून बचत गटाच्या बैठकीत असे प्रश्न सगळ्यांदेखत विचारू नका. कुणावर ‘वेडी’ असा शिक्का बसला, तर तिचं लग्न, काम, घर सगळंच अडचणीत येतं.

तिला एकटीला जवळ बसवा. हळू विचारा, मध्ये न बोलता ऐका. मग जिल्हा रुग्णालयात सोबत जा, किंवा १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत फोन करा. तिने सांगण्याचं धाडस केलंय. आता ऐकण्याची पाळी आपली.