एका इंजिनाचा उत्तरार्ध

यंत्रांचा इतिहास म्हणून जें कांहीं आपल्या वाचनांत येतें त्यांत बहुधा शोधकाचें नांव, पेटंटाची तारीख आणि कारखान्याच्या उत्पादनाचे आंकडे एवढ्याच गोष्टी असतात. यंत्र कारखान्याच्या दारांतून बाहेर पडलें कीं इतिहासकार लेखणी खालीं ठेवितो. वस्तुतः यंत्राचें आयुष्य तेथूनच सुरू होतें. तें झिजतें, बिघडतें, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातें. कोणीतरी तें उघडतो, पुसतो, पुन्हां जोडतो आणि आणखी दहा वर्षें चालवितो. या उत्तरार्धाचा इतिहास सहसा लिहिला जात नाहीं. तो ज्यांनीं घडविला त्यांच्या हातांत लेखणी नव्हती, पाना होता. आणि ज्यांच्या हातांत लेखणी होती त्या आम्हां पदवीधरांस पाना कसा धरावा हें ठाऊक नव्हतें. प्रस्तुत लेखकानें तीस वर्षें विद्यार्थ्यांस औद्योगिक क्रांति शिकविली. परंतु इंजिनाचे भाग सुटे होऊन मेजावर मांडलेले त्यानें पन्नाशी उलटल्यावर प्रथम पाहिले. ही कबुली दिल्यावांचून पुढील विवेचन करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

त्याचें असें झालें. कॅलिफोर्नियांत राहणाऱ्या माझ्या भाच्यानें एक जुनी फोक्सवॅगन गाडी विकत घेतली होती; भुंगेऱ्यासारख्या आकारामुळें जी ‘बीटल’ या नांवानें सर्वपरिचित आहे, तीच. मी त्याच्याकडे गेलों तेव्हां तिचें इंजिन खालीं उतरविलेलें होतें. क्रँकशाफ्टच्या टोकाची कप्पी दाखवून तो म्हणाला, “मामा, ही जरा पुढेंमागें ओढून पाहा.” मीं ओढली. बोटांस किंचित् हालचाल जाणवली आणि टक् असा बारीक आवाज आला. “एवढ्यावरून कळतें, हें सगळें उघडावें लागणार,” तो म्हणाला. या जागीं ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर एवढीच हालचाल क्षम्य मानतात. म्हणजे साधारण एका कागदाची जाडी. तिच्याहून अधिक हालचाल बोटांनीं ओळखण्याची ही विद्या मला नवीन होती, आणि तिच्यामुळेंच या इंजिनाचा पूर्वेतिहास मीं पुन्हां वाचावयास घेतला.

तो इतिहास फारसा पवित्र नाहीं. जर्मन मोटार-उद्योगाच्या संघानें २२ जून १९३४ रोजीं फर्डिनांड पोर्शे यांच्याशीं सामान्य जनतेच्या गाडीसाठीं करार केला. पुढें या गाडीची किंमत ९९० मार्क जाहीर झाली. इंजिनाची अंतिम आकृति पोर्शे यांच्या कचेरींतील फ्रान्झ राइमश्पीस यांनीं सिद्ध केली: चार सिलिंडर, दोन या बाजूस व दोन त्या बाजूस आडवे, सामर्थ्य ९८५ घन सेंटिमीटरचें. थंड करण्यासाठीं पाणी नाहीं, पंख्याचा वारा. ही कल्पनाहि सर्वस्वी नवी नव्हती. टाट्रा कारखान्याचे हान्स लेडविंका यांनीं १९२३ च्या ‘टाट्रा ११’ गाडींत वाऱ्यानें थंड होणारें, समोरासमोर सिलिंडर असलेलें इंजिन आधींच बसविलें होतें. पाणी टाळण्याचें कारण व्यावहारिक होतें. जर्मनींत हिवाळ्यांत पाणी गोठतें, आणि ज्याच्यासाठीं ही गाडी योजिली होती त्या गृहस्थाकडे ती ठेवावयास गाडीखाना असणार नव्हता.

२६ मे १९३८ रोजीं फालर्सलेबननजीक कारखान्याची कोनशिला बसली. लोकांनीं आठवड्यास पांच मार्कांचें तिकीट पुस्तिकेंत चिकटवावें आणि पुस्तिका भरली म्हणजे गाडी न्यावी, अशी योजना होती. सुमारें ३,३६,००० लोकांनीं पैसे भरले. त्या योजनेखालीं एकासहि गाडी मिळाली नाहीं. युद्ध सुरू झालें, कारखाना लष्करी गाड्या बनवूं लागला, आणि तेथें वेठीस धरून आणलेल्या हजारों परदेशी माणसांकडून काम करून घेण्यांत आलें. फसलेल्या वर्गणीदारांचें प्रकरण न्यायालयांत इतकीं वर्षें रेंगाळलें कीं तडजोड व्हावयास १९६१ साल उजाडलें: नवी गाडी घेणारास जास्तींत जास्त ६०० मार्कांची सूट, नाहींतर रोख १०० मार्क. ज्या यंत्राच्या नांवांतच ‘लोक’ हा शब्द होता त्याचा पहिला अनुभव लोकांस असा आला.

पुढचा भाग सुप्रसिद्ध आहे. १९४५ मध्यें ब्रिटिश सैन्यांतील मेजर आयव्हन हर्स्ट यांनीं बाँबवर्षावानें मोडकळीस आलेला कारखाना चालू केला. त्याच वर्षीं ब्रिटिशांनीं २०,००० गाड्यांची मागणी नोंदविली. १ जानेवारी १९४८ पासून हाइनरिख नॉर्डहॉफ यांनीं कारभार हातीं घेतला. इंजिन ११३१, मग ११९२, आणि शेवटीं १५८४ घन सेंटिमीटरपर्यंत वाढलें. मूळ मांडणी मात्र तीच राहिली. ३० जुलै २००३ रोजीं मेक्सिकोंतील प्वेब्ला येथें शेवटची गाडी बाहेर पडली तेव्हां एकूण संख्या २,१५,२९,४६४ झाली होती. येथें पूर्वार्ध संपतो. आपणांस पाहावयाचें आहे तें यापैकीं एकेक इंजिन पुढें कसें जगलें हें.

हें इंजिन गीअरपेटीस अवघ्या चार बोल्टांनीं जोडलेलें असतें. पेट्रोलची नळी, तारा, वाऱ्याच्या नळ्या सोडविल्या, खालीं जॅक लाविला, कीं एक-दोन माणसें तें मागच्या बाजूनें उतरवूं शकतात. मग वरचें एकेक आवरण निघतें: पंख्याचें घर, पत्रे, कार्बोरेटर, धुराच्या नळ्या. त्यानंतर झडपा उघडणारे दांडे आणि ॲल्युमिनियमचीं दोन डोकीं, प्रत्येक आठ नटांनीं आवळलेलें. बिडाचे चारहि सिलिंडर सुटे असतात. ते हातानें ओढले तरी बाहेर येतात. राहतो तो मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा गाभा. तो दोन अर्धांचा असून मध्यें क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट शेंगेंतील दाण्यांसारखे बसलेले असतात. हे दोन अर्ध एकत्र ठेवून कातलेले असल्यानें ते जन्माचे जोडीदार होत. एका इंजिनाचा अर्ध दुसऱ्यास चालत नाहीं.

उघडलेलें इंजिन हें एक दप्तर आहे, असें मला तेथें वाटलें, आणि तें वाचतां येतें. तिसऱ्या सिलिंडरची धूर सोडणारी झडप इतर झडपांहून अधिक जळालेली होती. हा त्या एका गाडीचा दोष नव्हे. तेल थंड करणारें यंत्र जुन्या रचनेंत पंख्याच्या घरांत, नेमकें तिसऱ्या सिलिंडरकडे जाणाऱ्या वाऱ्याच्या वाटेंत उभें असे. त्यामुळें तो सिलिंडर अधिक तापे. झडप तापून लांबते, तिचें अंतर मिटतें, ती नीट बंद होत नाहीं आणि जळते. कारखान्यानें १९७१ च्या नमुन्यांत हें यंत्र बाजूस सरकवून त्यास निराळें घर दिलें. परंतु त्याच्या कितीतरी आधीं दुरुस्ती करणारांनीं हा दोष ओळखला होता, आणि त्या एका झडपेस थोडें अधिक अंतर ठेवण्याचा प्रघात त्यांच्यांत पडला होता. कारखान्याच्या इतिहासांत ही सुधारणा १९७१ ची म्हणून नोंदली जाईल; ज्यांनीं काळवंडलेल्या झडपा पाहून ती आधींच ताडली त्यांचीं नांवें कोठेंच नाहींत.

दुसरी गोष्ट पत्र्यांची. इंजिनाभोंवतीं जे पत्रे व रबराच्या पट्ट्या असतात त्या अनेक मालकांनीं शोभेच्या समजून फेंकून दिल्या. त्यांचें काम असें कीं सिलिंडरवरून गेलेला तप्त वारा खालीं जावा, पुन्हां पंख्याच्या तोंडीं येऊं नये. पत्रा गेला कीं इंजिन आपलाच ऊन श्वास पुन्हां घेऊं लागतें. मॅग्नेशियम मऊ पडतें, डोकें धरून ठेवणारे खिळे सुटतात, बेअरिंगांच्या गोल जागा लांबट होतात. मग गाभा पुन्हां कातून मोठ्या मापाचीं बेअरिंगें घालावीं लागतात. नवे सिलिंडर व पिस्टन घालून उभारलेलें इंजिन एका फेंकलेल्या पत्र्यापायीं थोड्याच काळांत निकामी होतें.

ही विद्या प्रथम कारखान्यानेंच संघटित केली होती. १९५८ मध्यें कासेलजवळ जी शाखा निघाली तिचें आरंभींचें काम जुनीं इंजिनें नवीं करून बदली देणें हें होतें. मालकानें झिजलेलें द्यावें आणि दुरुस्त झालेलें न्यावें. आंत काय झालें हें त्यास कळण्याचें कारण नाहीं. १९६९ मध्यें जॉन म्यूर यांनीं न्यू मेक्सिकोंतील सांता फे येथून ‘हाऊ टु कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह’ हें पुस्तक काढलें आणि तेथें खरा पालट झाला. म्यूर स्वतः इंजिनियर. त्यांनीं ज्यानें कधीं पाना धरलेला नाहीं अशा मनुष्यास समोर बसवून, एकेक पायरी बोलक्या भाषेंत सांगितली. पीटर ॲशवांडन यांनीं चित्रें काढलीं. या विषयावर अधिकृत पुस्तकें होतीं, परंतु तीं कारागिरांसाठीं होतीं. म्यूर यांचा वाचक मालक होता. ज्या ‘लोकां’स तिकिटें चिकटवून गाडी मिळाली नाहीं, त्यांच्याच जातीच्या सामान्य माणसास तीस वर्षांनीं त्या गाडीचें अंतरंग मिळालें. माझ्या मतें हें वाहन लोकांचें झालें तें येथें.

यावर आक्षेप येईल कीं हें दुरुस्तीचें उदात्तीकरण झालें. आक्षेपांत तथ्य आहे. इंजिन सहज उघडतें यांत कारखान्याचा परोपकार नव्हता. स्वस्त बांधणी आणि झटपट दुरुस्ती हाच हेतु होता. या इंजिनाचा धूर नव्या कायद्यांच्या कसोटीस उतरणें कठीण झालें होतें. ब्राझीलमध्यें मालवाहू गाड्यांत तें टिकून होतें, तेंहि २००५ च्या अखेरीस थांबलें. त्याबद्दल शोक करण्याचें कारण नाहीं. शिवाय इतिहासाच्या विद्यार्थ्यास एक खंत राहतेच: दुरुस्ती करणारा जळालेली झडप फेंकून देतो, म्हणजे पुरावा नष्ट करतो. परंतु जें यंत्र उघडतां येतें त्याचा मालक त्याच्याविषयीं खरें काय तें जाणूं शकतो, आणि जें उघडत नाहीं त्याच्याविषयीं त्यास दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागतें, एवढा भेद उरतोच.

जोडणीचा प्रसंग सांगून लेख पुरा करतों. गाभ्याचे दोन अर्ध मिटवितांना एक नियम पाळतात: नट थोडा आवळला कीं क्रँकशाफ्ट हातानें फिरवून पाहावयाचा. प्रत्येक बेअरिंग एका लहानशा खुंटीवर बसतें. तें खुंटीवरून किंचित् सरकलें तर वरून कांहींच दिसत नाहीं, पण शाफ्ट जड फिरूं लागतो. त्या संध्याकाळीं तो जड फिरला. भाच्यानें एक शब्द न बोलतां सगळे नट पुन्हां सोडावयास घेतले. मीं विचारलें, “थोडासाच जड आहे, चालणार नाहीं का?” तो म्हणाला, “मामा, थोडा जड म्हणजे जडच.” अर्ध उघडल्यावर एक बेअरिंग खुंटीवरून सरकलेलें निघालें. तें नीट बसवून दुसऱ्या दिवशीं पुन्हां आवळलें, तेव्हां शाफ्ट एका बोटानें फिरला.

मी परत आल्यावर माझीं वर्गांतील जुनीं टिपणें काढून बसलों. त्यांत कारणें आणि परिणाम मीं वर्षानुवर्षें एकमेकांशीं घट्ट आवळून ठेविले होते. कांहीं सांधे थोडे जड फिरत होते, हें मला तेव्हांहि ठाऊक होतें. ते आतां सोडावयास घेतले आहेत.