'जोजो'चे भन्नाट खलनायक कोण आहेत?
हिरोहिको अराकी यांच्या १९८७ साली सुरू झालेल्या 'जोजोज् बिझार अ‍ॅडव्हेंचर' या मांगावर २०१२ पासून अ‍ॅनिमे मालिका आली. प्रत्येक भागात नायक बदलतो. लक्षात राहतात ते खलनायक.

डिओ ब्रँडो : जोस्टार घराण्याने आश्रय दिलेला गरीब मुलगा. वारशासाठी तो पालक पित्यावरच विषप्रयोग करतो, दगडी मुखवट्याने व्हॅम्पायर बनतो आणि पुढे कैरोत काळ थांबवून शत्रूवर चक्क रोड रोलर टाकतो.

कार्स : याला सूर्यप्रकाशावर मात करायची आहे.

योशिकागे किरा : याला हवे फक्त शांत आयुष्य. नोकरी करत, कुणाच्या नजरेत न येता तो खून करत राहतो. म्हणूनच भडक डिओपेक्षा हा शेजारी जास्त भीतिदायक वाटतो.