क्रीडा हंगामाचे पूर्वानुमान

क्रीडा हंगामाचे पूर्वानुमान म्हणजे साखळी स्पर्धेचा हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यातील संघ किती सामने जिंकतील आणि गुणतक्त्यात कोणत्या स्थानी राहतील, याचा आकडेवारीच्या आधारे बांधलेला अंदाज होय. ही पद्धत अमेरिकेतील बेसबॉलमध्ये सर्वाधिक विकसित झाली. भारतात तिचा विचार मुख्यतः क्रिकेटच्या संदर्भात होतो. या लेखात बेसबॉलबरोबरच रणजी करंडक, मुंबईचा संघ आणि त्या संघाला खेळाडू देणारा पालघर–बोईसर परिसर यांची उदाहरणे घेतली आहेत.

बेसबॉलमधील पद्धती

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ असून प्रत्येक संघ हंगामात १६२ साखळी सामने खेळतो. बिल जेम्स या लेखकाने १९७७ पासून 'बेसबॉल ॲबस्ट्रॅक्ट' हे वार्षिक काढून खेळाच्या आकडेवारीचा नव्याने विचार सुरू केला. त्याने मांडलेल्या सूत्रानुसार, संघाने केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले असता विजयांचे अपेक्षित प्रमाण मिळते. या सूत्राला 'पायथागोरीय अपेक्षा' म्हणतात. पायथागोरसच्या प्रमेयाशी त्याचे नाते वर्गांच्या मांडणीपुरतेच आहे.

उदाहरणार्थ, ८०० धावा करून ७०० धावा देणाऱ्या संघाचे अपेक्षित प्रमाण सुमारे ०.५६६ येते, म्हणजेच १६२ सामन्यांत सुमारे ९२ विजय. असा संघ प्रत्यक्षात १०० सामने जिंकला, तर वरचे आठ विजय बहुधा नशिबाचे मानून पुढील वर्षीचा अंदाज खाली आणला जातो. निसटते सामने जिंकण्याचे भाग्य सहसा दुसऱ्या वर्षी टिकत नाही, हे त्यामागील गृहीतक आहे. नेट सिल्व्हर याने तयार केलेली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'पेकोटा' ही प्रणाली याहून वेगळ्या मार्गाने जाते. ती प्रत्येक खेळाडूची तुलना पूर्वीच्या समान खेळाडूंशी करते. असे वैयक्तिक अंदाज एकत्र करून संघाचा अंदाज काढला जातो.

तरीही चूक अटळ असते. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा समसमान मानला, तरी १६२ सामन्यांत केवळ योगायोगाने सहा-सात विजयांचा फरक पडणे अगदी स्वाभाविक आहे. टेक्सास रेंजर्स हा संघ २०२१ मध्ये १०२, तर ॲरिझोना डायमंडबॅक्स ११० सामने हरला होता. दोनच वर्षांनी, २०२३ च्या जागतिक मालिकेत हेच दोन संघ समोरासमोर आले व टेक्सास विजयी झाला.

रणजी करंडकातील अडचणी

मुंबईने १९५८–५९ ते १९७२–७३ अशी सलग १५ विजेतेपदे मिळवली. त्या काळात विजेता सांगण्यासाठी कोणत्याही सूत्राची गरज नव्हती. आता तसे राहिलेले नाही. २०१०–११ चा हंगाम प्लेट गटातून सुरू करणाऱ्या राजस्थानने त्याच वर्षी करंडक जिंकला.

सर्वांत मोठी अडचण सामन्यांच्या संख्येची आहे. २०२४–२५ मध्ये एलिट विभागातील ३२ संघांना साखळीत प्रत्येकी सातच सामने मिळाले. वरील नाणेफेकीचा हिशेब सात सामन्यांना लावल्यास योगायोगाचा वाटा विजयांच्या प्रमाणात सुमारे १९ टक्के भरतो. बेसबॉलमध्ये तो सुमारे ४ टक्के असतो. शिवाय निर्णायक विजयाला ६ गुण, तर अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील आघाडीला ३ व पिछाडीला १ गुण मिळतो. त्यामुळे केवळ विजय मोजून भागत नाही.

याच हंगामात केरळने उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात एका धावेची, तर उपांत्य सामन्यात गुजरातवर दोन धावांची आघाडी घेतली आणि प्रथमच अंतिम फेरी गाठली. गुजरातचा शेवटचा बळी शॉर्ट लेगवरील क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आदळून उडालेल्या चेंडूवर गेला. असा चेंडू कोणत्याही सूत्रात बसत नाही. अंतिम सामना अनिर्णित राहिला व पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भ विजेता ठरला.

राष्ट्रीय संघाची निवड ही दुसरी अडचण होय. मुंबईचे प्रमुख खेळाडू किती सामन्यांना उपलब्ध असतील, हे हंगामापूर्वी सांगता येत नाही. आणि ते उपलब्ध झाले तरी निकालाची खात्री नसते. जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे व श्रेयस अय्यर हे सर्व खेळत असताना जम्मू-काश्मीरने मुंबईला तिच्याच मैदानावर पाच गडी राखून हरवले. मुंबईच्या पहिल्या डावातील १२० धावांपैकी ५१ धावा आणि दुसऱ्या डावातील ११९ धावा शार्दूल ठाकूरच्या होत्या.

पालघर–बोईसर परिसर

शार्दूल ठाकूर याचा जन्म १६ ऑक्टोबर १९९१ रोजी पालघर येथे झाला. बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून शालेय क्रिकेट खेळताना तो प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेस पडला. पुढे तो बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत दाखल झाला. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला जिल्हा असला, तरी येथील खेळाडू मुंबई संघाकडूनच खेळतात. बोईसर चर्चगेटपासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहे. डहाणूपर्यंत उपनगरी लोकल २०१३ मध्ये सुरू झाली. ठाकूरच्या शालेय वर्षांत ती सोय नव्हती.

पूर्वानुमान नोंदलेल्या कामगिरीवरच उभे असल्याने लहान नमुन्याचा धोका त्याच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतो. पहिल्या चार प्रथमश्रेणी सामन्यांत त्याला ८२ च्या सरासरीने चारच बळी मिळाले. तेवढ्यावर अंदाज बांधला असता तो संघाबाहेरच राहिला असता. २०१३–१४ च्या रणजी हंगामात मात्र त्याने सहा सामन्यांत २७ आणि २०१४–१५ मध्ये दहा सामन्यांत २०.८१ च्या सरासरीने ४८ बळी घेतले. मार्च २०२४ मध्ये तमिळनाडूविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मुंबई ७ बाद १०६ अशी अडचणीत असताना त्याने १०९ धावा केल्या. हे त्याचे पहिले प्रथमश्रेणी शतक होते. गोलंदाज म्हणून निवडलेल्या खेळाडूकडून अशी खेळी कोणत्याही हंगामपूर्व अंदाजात धरलेली नसते. मुंबईने तो सामना डावाने जिंकला आणि पुढे विदर्भाला हरवून ४२ वे विजेतेपद मिळवले.