डॉल्बी नावाचा माणूस आणि अण्णांची मारुती

गेल्या महिन्यात अण्णांनी जाहीर करून टाकलं, "माझं कान गेलं." गाडीत कॅसेट लावली की त्यांना सूर कळायचा, शब्द कळायचे नाहीत. गाडी 1996 ची मारुती 800. आरटीओत ग्रीन टॅक्स भरून भरून चालू ठेवलेली. टेपही तेव्हाचाच. म्हटलं, डॉक्टरकडं जायच्या आधी एकदा स्पीकर तर उघडून बघू.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका पोरानं मागच्या ट्रेमधले दोन्ही स्पीकर काढले. मागच्या काचेतून इतकी वर्षं ऊन खाल्लेलं. कागदी कोनाच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन पडला. पोरगं म्हणालं, "काका, टाका हे भंगारात. सबवूफर घ्या, वर अँप्लिफायर घ्या. डॉल्बीचा फील आला पाहिजे!"

मला हसू आलं, मग जरा लाजही वाटली. कारण 'डॉल्बीचा दणदणाट' हे शब्द बातमीत मी स्वतः किती वेळा लिहिलेत, त्याचा हिशेब नाही.

डॉल्बी हा माणूस होता. रे डॉल्बी, अमेरिकन अभियंता. 1963 ते 1965 हा गृहस्थ युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्याच देशात, चंदीगडला होता. 1963 साल तसं गमतीचंच. त्याच वर्षी फिलिप्सनं बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट जगापुढं आणली आणि त्याच वर्षी आपलं सांगली आकाशवाणी केंद्र सुरू झालं. या तिन्ही गोष्टी पुढं अण्णांच्या मारुतीत एकत्र येणार होत्या, हे तेव्हा कुणाला माहीत!

1965 ला लंडनमध्ये त्यानं कंपनी काढली. काम एकच, टेपमागचा 'स्स्स' असा खरखराट कमी करायचा. युक्ती साधी. रेकॉर्ड करताना हळू आणि बारीक आवाज मुद्दाम वर उचलायचे, वाजवताना तेवढेच खाली आणायचे. खाली आणताना टेपचा खरखराटही त्यांच्यासोबत खाली जातो. नंतर कॅसेटसाठी 'डॉल्बी बी' आलं आणि चांगल्या टेपवर त्याचं बटण दिसू लागलं. आमच्याही टेपवर आहे. पण कॅसेट त्या पद्धतीनं भरलेली नसेल तर बटण दाबल्यावर नुसता आवाज बसतो. अण्णा ओरडायचे, "ते बटण दाबू नगंस!" त्यांचं बरोबर होतं, आमच्या कॅसेटी घरीच रेडिओवरून भरलेल्या.

म्हणजे गोंगाट काढून टाकण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याचं नाव आपल्याकडं गोंगाटालाच चिकटलं. माझा अंदाज असा, की थिएटरबाहेर 'डॉल्बी' च्या पाट्या लागल्या, आत पोटात धडधडणारा आवाज आला, आणि मग ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीलाही तेच नाव पडलं. त्या भिंतीचा आणि त्या कंपनीचा काडीचा संबंध नाही.

रे डॉल्बी वारले 12 सप्टेंबर 2013 ला. त्या वर्षी गणपती 9 तारखेला बसले होते. म्हणजे इकडं गल्लोगल्ली त्यांचं नाव घुमत असताना तिकडं सॅन फ्रान्सिस्कोत माणूस गेला. मी त्या आठवड्यात डॉल्बीच्या बातम्या दिल्या. त्यांच्या जाण्यावर एक ओळ दिली नाही.

नियम काय सांगतो? 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्र म्हणजे दहा ते सहा. 2018 च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयानंही डीजे-डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला. दरवर्षी शांतता समितीच्या बैठकीत आम्ही हेच आकडे लिहून घेतो, आणि मिरवणुकीत शेजारच्याशी बोलायचं तर खाणाखुणा कराव्या लागतात.

असो. सबवूफर घेतला नाही. मारुतीच्या अल्टरनेटरला तेवढा भार झेपणारही नाही. चार ओमचे साधे, बारीक आवाजाला वेगळा ट्वीटर असलेले दोन स्पीकर घेतले. खोक्यावर पुढं शेकड्यांत वॉट लिहिलेले असतात, ते सोडा. मागं बारीक अक्षरात आरएमएस लिहिलेलं असतं, तोच खरा आकडा. ट्रेचा पत्रा थरथरू नये म्हणून खाली जाड डांबरी शीट मारली. पोरानं स्पीकरच्या वायरी करंटच्या वायरीपासून लांबून, दुसऱ्या बाजूनं ओढल्या. नाहीतर रेस दिली की स्पीकर शिट्टी मारतो. पोरगं कामाला चोख होतं, हे सांगितलंच पाहिजे.

रविवारी अण्णांना घेऊन साताऱ्याहून सांगलीला निघालो. जुनी कॅसेट लावली, सांगली केंद्रावरून भरलेलं कीर्तन. मधेच बुवांचं तुटतं आणि बाजारभाव सुरू होतात. कराड गेलं तरी अण्णा गप्पच. मग एकदम म्हणाले, "गुळाचा भाव सांगतोय बघ." जरा वेळानं स्वतःशीच, "कान हायेत की मग."

कान थोडे गेलेत, ते मलाही माहीत आहे. पण सगळे नव्हते गेले.

पेठ नाक्याला वळून इस्लामपूर ओलांडलं आणि मागून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, टपावर चार भोंगे. काच वर केली तरी मारुतीचा पत्रा हलत होता. कीर्तनकाराचे ओठ जणू नुसते हलत राहिले. अण्णांनी हात पुढं केला आणि टेप बंद केला.

"जाऊ दे त्याला म्होरं," म्हणाले, "मग लाव."